यंत्रनगरीचे राहिलेले काम

१९७२च्या ऑगस्टमध्ये पश्चिम जर्मनीतल्या हायडेलबर्गला पॅरालिंपिक स्पर्धा भरल्या होत्या. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून मुरलीकांत पेटकर यांनी भारताला पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले. पेटकर मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्याच्या ईएमई दलातले जवान, बॉक्सर. १९६५च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचार म्हणून पाण्यात उतरलेला हा माणूस विश्वविक्रमापर्यंत पोहत गेला. पुढे टाटांकडून मदतीची विचारणा झाली, तेव्हा त्यांनी पैशाऐवजी नोकरी मागितली आणि पिंपरीतल्या टेल्कोत दीर्घकाळ काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२४ साली त्यांच्या आयुष्यावर ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट आला.

पदकाची गोष्ट आता घरोघरी पोचली आहे. मला त्यातली नोकरीची गोष्ट अधिक मोलाची वाटते. शरीराने साथ सोडलेल्या एका जवानाने काम मागितले आणि कारखान्याने ते दिले, हे पिंपरी-चिंचवड-चाकणच्या या औद्योगिक पट्ट्यात काही दशकांपूर्वी घडले. तेव्हा स्मार्टफोन नव्हता, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर नव्हते, रॅम्पची सक्ती करणारा कायदाही नव्हता. आज हे सगळे आहे. तरीही भोसरीपासून चाकणपर्यंत शिफ्ट सुटताना गेटबाहेर पडणाऱ्या गर्दीत पांढरी काठी किंवा व्हीलचेअर क्वचितच दिसते. तंत्रज्ञान आले, माणूस मात्र गेटबाहेर राहिला. असे का झाले आणि हा पट्टा त्यावर काय करू शकतो, हे नीट मांडून पाहायला हवे.

मायक्रॉनमध्ये बोलणारा मुलूख

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली. साठच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली. १९९९ साली बजाजने चाकणला कारखाना काढला. त्यापाठोपाठ फोक्सवॅगन, मर्सिडीज, महिंद्रा तिकडे गेल्या. या मोठ्या नावांच्या मागे भोसरी, तळवडे, कुरुळी, निघोजे, महाळुंगे, खराबवाडी इथल्या गाळ्यांत हजारो लहान कारखाने उभे राहिले. इथला टर्नर मायक्रॉनमध्ये बोलतो. माप घेणे, डाय बनवणे, सुटा भाग तपासणे, तो जागेवर बिनचूक बसवणे आणि बिघडला तर रात्रीतून दुरुस्त करून लाइन चालू ठेवणे, ही कामे या मुलखाच्या अंगवळणी पडली आहेत.

अपंग माणसाच्या उपकरणालाही नेमकी हीच कामे लागतात. व्हीलचेअर मापाने बनवावी लागते. कृत्रिम पायाचा सॉकेट उरलेल्या पायावर तंतोतंत बसावा लागतो, नाहीतर आठवडाभरात जखम होते. श्रवणयंत्र लावल्यावर त्याचे ट्यूनिंग करावे लागते. आणि या प्रत्येकाचा कुठला ना कुठला भाग कधीतरी मोडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार चष्म्यापासून व्हीलचेअरपर्यंतच्या सहायक साधनांपैकी किमान एकाची गरज असलेले लोक जगात २५० कोटींहून अधिक आहेत. २०५०पर्यंत हा आकडा ३५० कोटींवर जाईल. काही गरीब देशांत गरजूंपैकी जेमतेम ३ टक्के लोकांना अशी साधने मिळतात. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर २०११च्या जनगणनेत सुमारे २९.६३ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली होती.

आपल्याकडे साधने मिळतात ती बहुतेक शिबिरातून. मंडप पडतो, पाहुणे येतात, तीनचाकी सायकलींची रांग लागते, फोटो निघतात. वाटणाऱ्यांच्या भावनेबद्दल शंका नाही. पण सहा महिन्यांनी बेअरिंग गेले की ती सायकल घराच्या कोपऱ्यात जाते, कारण सुटा भाग कुठे मिळतो ते कोणालाच ठाऊक नसते. कारखान्यात मशीन बंद पडले तर मेंटेनन्सचा माणूस धावत येतो. व्हीलचेअर बंद पडली तर एक माणूस घरात बंद होतो आणि त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमध्ये होत नाही.

प्रेसवर गेलेली बोटे

या पट्ट्याचा अपंगत्वाशी आणखी एक संबंध आहे. तो कटू आहे आणि स्पष्ट बोलायला हवा. इथे अपंगत्व येते, तसे ते घडवलेही जाते.

पॉवर प्रेसवरचे काम असे चालते. पत्र्याचा ब्लँक डायवर ठेवायचा, पायाखालचे पॅडल दाबायचे. वरचा रॅम खाली येतो, पत्र्याला आकार देतो, वर जातो. तयार पीस काढायचा, पुढचा ब्लँक ठेवायचा. शिफ्टभर हात डायच्या आत जातो आणि बाहेर येतो. क्लच झिजलेला असेल किंवा स्प्रिंग तुटलेली असेल, तर पॅडल न दाबताही रॅम दुसऱ्यांदा खाली येतो. दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक पडणार नाही, अशी व्यवस्था करता येते. हात आत असला तर मशीन जागीच थांबवणारा सेन्सर बसवता येतो. हे तंत्र जुने आणि सिद्ध झालेले आहे. पण सेन्सर बसवलाच नाही, किंवा नग वाढावेत म्हणून बंद करून ठेवला, तर बोट जाते.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था हरियाणातल्या गुडगाव-मानेसर पट्ट्यातल्या जखमी कामगारांना ईएसआय या कामगार विम्याचे हक्क मिळवून देण्याच्या कामातून उभी राहिली. २०१९पासून ती ‘क्रश्ड’ या नावाने वाहन उद्योगातल्या अपघातांवर अहवाल काढते. पुढे तिने महाराष्ट्रातल्या वाहन उद्योगाकडेही लक्ष वळवले. तिच्या अहवालांतून दिसणारे चित्र अस्वस्थ करणारे आहे. बहुतेक अपघात मोठ्या कंपनीच्या झगमगीत लाइनवर होत नाहीत. ते तिला भाग पुरवणाऱ्या साखळीतल्या लहान कारखान्यांत होतात. हात गमावणारे बरेचसे तरुण, स्थलांतरित, कंत्राटी. अनेकांच्या हाती ईएसआयचे कार्ड पडते तेच मुळी अपघातानंतर.

भरपाईचे गणितही पाहू. कामगार भरपाईच्या कायद्याच्या परिशिष्टात शरीराच्या प्रत्येक भागापुढे कमाईची क्षमता किती घटली याचा टक्का लिहिला आहे. हाताचा अंगठा गेला तर ३०, तर्जनी गेली तर १४, मधले बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७. एका हाताची चारही बोटे गेली तर ५०. ईएसआयचे मासिक निवृत्तिवेतन सरासरी वेतनाच्या ९० टक्के रकमेवर या टक्क्यांच्या प्रमाणात ठरते. पंधरा हजार पगाराच्या कामगाराची तर्जनी गेली, तर त्याच्या हाती महिन्याला साधारण १,९०० रुपये येतात. शिवाय सरकारी दिव्यांग सवलतींपैकी बहुतेकांना ४० टक्के अपंगत्वाची अट आहे. ते प्रमाणपत्र वेगळ्या पद्धतीने मोजले जाते, पण एक-दोन बोटे गेलेला कामगार बहुधा त्या रेषेच्या अलीकडेच राहतो. ऑपरेटर म्हणून त्याला कोणी घेत नाही आणि दिव्यांग म्हणूनही तो कुठे बसत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६च्या कलम २०नुसार नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला कामावरून काढता येत नाही, त्याचा हुद्दाही कमी करता येत नाही. हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरते आहे. ज्या खाजगी शेडमध्ये बोटे जाण्याचा धोका सर्वांत जास्त, तिथल्या कामगाराला ते लागू नाही. कायद्यातली ही फट बुजवली पाहिजे.

इंटरनेटवर मोकळा ठेवलेला हात

पाय गमावलेल्याला पुणे परिसरात जुना आधार आहे. सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र पुण्यात १९४४पासून आहे. खडकीचे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर मज्जारज्जूला इजा झालेल्या जवानांना सांभाळते. साधू वासवानी मिशन कृत्रिम अवयवांची शिबिरे घेते. रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी १९६८च्या सुमारास घडवलेला जयपूर फूट तर देशभर पोचला. बोट गमावलेल्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. सिलिकॉनचे बोट दिसायला छान असते, पण ते वाकत नाही. वाकणारी यांत्रिक बोटे परदेशात मिळतात, ती सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेरची.

इथे एक परदेशी कारागीर आठवतो. जोहान्सबर्गचा सुतार रिचर्ड व्हॅन अॅस याची २०११मध्ये करवतीवर काम करताना उजव्या हाताची बोटे तुटली. बाजारातली कृत्रिम बोटे परवडेनात. इंटरनेटवर शोधताना त्याला अमेरिकेतला इव्हान ओवेन भेटला. ओवेनने एक यांत्रिक हात बनवला होता. दोघांनी हजारो मैलांवरून एकमेकांना आराखडे पाठवत बोट तयार केले. मग जन्मतः बोटे नसलेल्या एका मुलासाठी अख्खा हात बनवला. मनगट वाकवले की दोऱ्या ताणल्या जातात आणि बोटे मिटतात. मनगट सरळ केले की ती उघडतात. तो आराखडा त्यांनी २०१३मध्ये इंटरनेटवर सर्वांसाठी मोकळा ठेवला. त्यातून ‘ई-नेबल’ हे जगभरच्या स्वयंसेवकांचे जाळे वाढले. थ्रीडी प्रिंटर असलेले हौशी लोक अनोळखी मुलांसाठी हात छापू लागले.

या हातांना मर्यादा आहेत. प्लॅस्टिक तुटते, पकड जड कामाला पुरत नाही, नीट न बसवलेला हात त्वचेला घासतो. कृत्रिम अवयवांच्या तज्ज्ञाशिवाय हे काम करू नये. पण या मर्यादा बहुतेक अभियांत्रिकीच्या आहेत: कुठले मटेरियल, किती टॉलरन्स, कसला सांधा, भार कुठे येतो. हे प्रश्न सोडवणारी डोकी इथे गल्लोगल्ली आहेत. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये लहान उद्योगांसाठी रॅपिड प्रोटोटायपिंगची सोय आहे. चाकणपासून फार लांब नसलेल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. एमआयटीच्या मदतीने तिथे २००२मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. आराखडा इंटरनेटवर आहे, यंत्रे आहेत, कारागीर आहेत, आणि दुर्दैवाने बोटे गमावलेले कामगारही आहेत. त्यांना एका टेबलाभोवती बसवायचे काम बाकी आहे.

लाइनवरचे शहाणपण

अनेक कारखानदार म्हणतात, आमच्याकडे अपंगांना जमेल असे कामच नाही. पण त्यांच्याच शॉप फ्लोअरवर अपंगांना उपयोगी पडणारे तंत्र वर्षानुवर्षे वापरात आहे. त्याचे नाव पोका-योके.

जपानी अभियंता शिगेओ शिंगो याने १९६१मध्ये एका कारखान्यात पाहिले की लहानशा स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असतात आणि कामगार कधीकधी एक विसरतो. त्याने एक बशी ठेवायला सांगितली. आधी दोन स्प्रिंग बशीत काढायच्या, मग स्विच जोडायचा. बशीत स्प्रिंग उरली तर चूक तिथेच कळते. आज चाकणच्या कुठल्याही बऱ्या कारखान्यात याचीच पुढची रूपे दिसतात. फिक्स्चर असे बनवतात की भाग उलटा बसतच नाही. स्क्रू ठराविक संख्येने लागले नाहीत तर लाइन पुढे सरकत नाही. कामाच्या पायऱ्या शब्दांऐवजी चित्रांत दाखवलेल्या असतात. ट्रे रंगांनी ओळखता येतात. बिघाड झाला की डोक्यावरचा अँडन दिवा लाल होतो.

हीच सोय अपंगत्वाच्या नजरेने पाहा. उलटा न बसणारा भाग दृष्टिहीन कामगाराला बोटांनी चाचपून बिनचूक बसवता येतो. चित्रांतल्या सूचना बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला समजतात. अँडनचा लाल दिवा बहिऱ्या कामगाराला इतरांइतकाच दिसतो. फोर्कलिफ्टच्या भोंग्यासोबत जमिनीवर निळा झोत टाकणारा दिवा बसवला तर बहिरा माणूसही सावध होतो, आणि गोंगाटात भोंगा न ऐकू आलेला ऐकू येणारा माणूससुद्धा. म्हणजे तंत्र आहे, ते बनवणारी टूलरूम आहे. फक्त फिक्स्चर आखताना समोरचा माणूस वेगळ्या शरीराचाही असू शकतो, हे ध्यानात ठेवायला हवे. नसीमा हुरजूक यांच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या कोल्हापूरच्या संस्थेने १९८४पासून अपंगांना शिक्षण आणि रोजगार देऊन हे शक्य असल्याचे दाखवले आहे. तिथे जे जमले ते इथे अडण्याचे कारण नाही.

बोलणारा फोन आणि मुकी फाइल

दृष्टिहीनांच्या हाती गेल्या वीस वर्षांत आलेले तंत्र खरोखर मोठे आहे. ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन आणि जेम्स टेह या दोन दृष्टिहीन तरुणांनी २००६मध्ये एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर सुरू केला. तो मोफत आहे आणि मराठीही वाचतो. २००९पासून आयफोनमध्ये व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्ये टॉकबॅक आले. पडद्यावर बोट फिरवले की फोन तिथले अक्षर किंवा बटण बोलून दाखवतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. रिझर्व्ह बँकेचे मनी अॅप १ जानेवारी २०२०ला आले. नोटेसमोर फोन धरला की ते इंटरनेटशिवायही किंमत सांगते. ‘बी माय आइज’वर फोनच्या कॅमेऱ्यातून जगातला एखादा डोळस स्वयंसेवक औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून देतो. सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून आहे. दृष्टिहीनांसाठी पुस्तके सुलभ रूपात आणायची वाट मोकळी करणाऱ्या मराकेश कराराला २०१४मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारतच होता.

मराठीतही या वाटेवर आधीपासून काम झाले आहे. स्वागत थोरात यांनी २००८मध्ये ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक सुरू केले. पुण्यात मीरा बडवे यांच्या निवांत अंध मुक्त विकासालयात शाळेनंतर पुढे शिकणाऱ्या दृष्टिहीन मुलांना आधार मिळतो. पिंपरी-चिंचवडला लागूनच असलेल्या आळंदीत राष्ट्रीय दृष्टिहीन संघाची जागृती अंध मुलींची शाळा आहे.

पण यातून शिकून बाहेर पडलेली मुलगी नोकरी शोधू लागते तेव्हा काय होते? चाकणमधल्या भरतीच्या जाहिराती व्हॉट्सअॅपवर फिरतात त्या चित्राच्या रूपात: ‘पाहिजेत’, खाली पदे, पगार, पत्ता. स्क्रीन रीडर म्हणतो ‘इमेज’ आणि गप्प बसतो. शासनाचे परिपत्रक डाउनलोड करावे तर अनेकदा ती कागदाची स्कॅन केलेली प्रत असते, म्हणजे पुन्हा चित्रच. एखादी जुनी मराठी फाइल युनिकोडमध्ये नसते, जुन्या फाँटमध्ये असते. डोळ्यांना ते अक्षर ‘क’ दिसते, पण संगणकाच्या पोटात तिथे रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवलेले असते. स्क्रीन रीडर मग मराठी वाक्याऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक माळ वाचत सुटतो. हजेरीचे अॅप उघडावे तर बटणावर नाव नसते. ‘अनलेबल्ड बटन’ एवढेच ऐकू येते, तेही एकापाठोपाठ पाच वेळा. हे पाच शब्द लिहायला प्रोग्रॅमरला पाच मिनिटे पुरतात. ती न दिल्यामुळे एका शिकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या बोटाने हजेरी लावावी लागते.

अडथळा नोकरीपुरता नाही. बँकेच्या डिजिटल केवायसीत, म्हणजे ओळख पटवताना, कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगतात. आम्लहल्ल्यात चेहरा भाजलेल्या प्रज्ञा प्रसून यांना ते शक्य नव्हते. दृष्टिहीन वकील अमर जैन यांचाही अनुभव अडवणुकीचाच होता. त्यांच्या याचिकांवर ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणे हा राज्यघटनेच्या कलम २१मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी सर्वांना वापरता यावी म्हणून न्यायालयाने २० निर्देशही दिले.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी आयआयटी मुंबईने बनवलेले ‘जेलो’ हे अॅपही मोफत आहे आणि मराठीत आहे. त्यात खाणे, खेळ, माणसे अशी चित्रे असतात आणि भाव सांगणारी सहा बटणे: आवडते, आवडत नाही, हो, नको, जास्त, कमी. मुलाने पोळीच्या चित्राला हात लावून ‘जास्त’ दाबले की फोन त्याच्या वतीने बोलतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या आईला, बारा तासांची शिफ्ट करून आलेल्या बापाला हे अॅप कोणीतरी शिकवले पाहिजे. माहिती इंटरनेटवर पडून आहे, पण वस्तीपर्यंत ती माणसाच्या पायांनीच जाते. अंगणवाडीताई, आशाताई, शाळेतल्या विशेष शिक्षिका यांना हे प्रशिक्षण मिळाले तर पिंपरी-चिंचवडच्या गल्लीगल्लीत ते पोचेल.

मोरवाडीपासून चाकणच्या चौकापर्यंत

पिंपरी-चिंचवड शहराने काही चांगली पावले उचलली आहेत आणि ती मोकळेपणाने सांगायला हवीत. २०१३मध्ये महापालिकेने ‘सारथी’ हेल्पलाइन सुरू केली. जिना न चढता, रांगेत उभे न राहता फोनवर माहिती मिळणे अपंग नागरिकाला सर्वांत सोयीचे. बहिऱ्या नागरिकाला मात्र फोनवरून उपयोग नाही, त्याच्यासाठी मजकूर आणि भारतीय सांकेतिक भाषेतली व्हिडिओ मदत लागेल. मोरवाडीत दिव्यांग भवन उभे राहिले आहे. गोव्यात जानेवारी २०२३मध्ये पर्पल फेस्ट झाला. त्याच वाटेने १७ ते १९ जानेवारी २०२५ या दिवसांत चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये ‘पर्पल जल्लोष’ हा दिव्यांगांचा महोत्सव झाला. प्रोटोटाइप बनवणारी यंत्रे आणि ती ज्यांना हवीत ती माणसे तीन दिवस एकाच आवारात होती. ही भेट वर्षभराची व्हायला हवी.

प्रवासाचेही तसेच. २०१५मध्ये सांगवी-किवळे बीआरटी सुरू झाली आणि फलाट व बस एका पातळीवर आल्या. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी मेट्रो धावली. स्थानकांत लिफ्ट आहेत, पायाला जाणवणाऱ्या खुणांच्या फरशा आहेत. पण स्थानकाबाहेर पडले की फूटपाथवर दुचाक्या उभ्या असतात, मध्येच डीपी असतो, उतार नसतो. आणि चाकणकडे वळले की मेट्रो संपते. पुणे-नाशिक महामार्गावरची तळेगाव चौकातली कोंडी, कंपनीच्या बसची गुडघ्याइतकी उंच पायरी, शेअर रिक्षातली दाटी, हे सगळे पार केल्यावर गेट येते. नोकरी देणाऱ्याने गेटपासूनच विचार सुरू केला, तर माणूस गेटपर्यंत पोचतच नाही.

गंमत म्हणून नव्हे, खंत म्हणून सांगतो: देशाला गाड्या पुरवणारा हा पट्टा आहे आणि इथलाच अपंग नागरिक स्कूटरला बाजूची दोन चाके कुठून बसवावीत, हाताने ब्रेक दाबता येईल अशी कार कोण करून देईल, हे विचारत फिरतो. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीने अपंग व्यक्तीच्या वाहनातले बदल सोपे केले आहेत. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनने मापाने बनवलेली व्हीलचेअर आणि तिला जोडून रस्त्यावर पळणारे विजेचे पुढचे चाक बाजारात आणले. असे काम इथल्या एखाद्या व्हेंडरने का करू नये?

आता काय करायचे

२०१६चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २१ प्रकारची अपंगत्वे मानतो. १९९५च्या कायद्यात सातच होती. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानके ऐच्छिक ठेवणारा नियम बेकायदा ठरवला आणि ती सक्तीची करायला केंद्राला तीन महिन्यांची मुदत दिली. कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्यांदा १० हजारांपर्यंत आणि पुन्हा झाल्यास ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत दंड आहे. पण दंडाच्या भीतीने बसवलेला रॅम्प बहुधा चुकीच्या उताराचा असतो. मनापासून केलेले काम टिकते.

म्हणून काही साध्या विनंत्या. टूलरूम असलेल्या उद्योगांनी आठवड्यातला एक दिवस व्हीलचेअर, काठ्या आणि तीनचाक्यांच्या दुरुस्तीला द्यावा. महापालिकेने आणि चाकण परिसरातल्या ग्रामपंचायतींनी दिव्यांगांसाठी राखलेल्या निधीतून सुटे भाग द्यावेत. मोठ्या कंपन्यांनी सामाजिक उत्तरदायित्वाचा पैसा नव्या वाटपाआधी आपल्याच पुरवठादारांच्या प्रेसवर सेन्सर बसवायला लावावा आणि बोटे गमावलेल्यांना पुन्हा कामावर घ्यावे. तळवडे-हिंजवडीतल्या तरुणांनी आपण लिहिलेले अॅप एकदा टॉकबॅक चालू करून, डोळे मिटून वापरून पाहावे. भरतीची जाहिरात पाठवणाऱ्यांनी चित्राखाली तोच मजकूर युनिकोड मराठीत टाइप करावा. घरात दृष्टी मंदावलेले आजोबा असतील, तर येत्या सुट्टीत त्यांच्या फोनमधले मोठे अक्षर आणि बोलणारा पडदा चालू करून द्यावा.

आणि कारखानदारांना शेवटचे सांगणे. २०१६च्या कायद्याच्या कलम २१नुसार प्रत्येक आस्थापनेने, मग ती खाजगी का असेना, अपंगांना समान संधी देण्याचे धोरण लिहून जाहीर करायचे आहे. वीस किंवा त्याहून जास्त माणसे कामाला असतील, तर अपंगांसाठी कोणती कामे योग्य आहेत, कोणत्या सोयी दिल्या जातील, कोणते साहाय्यक साधन पुरवले जाईल आणि त्यासाठी जबाबदार अधिकारी कोण, हेही त्यात लिहायचे आहे. ते वेबसाइटवर टाकायचे, वेबसाइट नसेल तर आवारात ठळक जागी लावायचे. हे २०१७पासून बंधनकारक आहे. तुमच्या गेटवर तो कागद आहे का ते उद्या सकाळी पाहा. नसेल तर लिहा, लावा, आणि त्यात लिहिलेल्या पहिल्या कामासाठी माणूस शोधायला लागा.